मेलेला गडी, उठलेला गडी : पुनरुज्जीवनाचा नियम आणि रसविचार

१

खेळ हा विषय मराठी समीक्षेत बहुधा रूपकाच्या वाटेने येतो. एकनाथांच्या भारुडांत आणि तुकारामांच्या अभंगांत फुगडी, हमामा, विटीदांडू हे खेळ येतात ते परमार्थाचे वाहन म्हणून. आणि त्या रचनांचे विवेचन करणारा समीक्षकही खेळ चटकन ओलांडून परमार्थाकडे जातो. पाश्चात्त्य विचारात योहान हायझिंगा (१९३८), रोजे कैय्वा (१९५८) आणि हान्स-गेऑर्ग गाडामर (१९६०) यांनी खेळाला स्वतंत्र तात्त्विक प्रतिष्ठा मिळवून दिली हे खरे; परंतु त्यांचाही भर खेळाच्या सामान्य स्वरूपावर आहे. एखादा सुटा नियम उचलून, कवितेतील ओळ वाचावी तसा तो वाचणे आणि त्यामुळे खेळणाऱ्याच्या अनुभवाचा पोत कसा ठरतो हे तपासणे, अशी चिकित्सा विरळाच आढळते. नियम म्हणजे खेळाचे कुंपण असे आपण गृहीत धरतो. नियम हा खेळाचा आशयही असू शकतो, ही शक्यता विचारात घेत नाही.

प्रस्तुत लेखात अशा एकाच नियमाचा विचार करावयाचा आहे. खेळात मेलेला अथवा जायबंदी झालेला गडी पुन्हा उठतो की नाही, उठत असल्यास केव्हा आणि कोणाच्या खर्चाने उठतो, हे सांगणारा हा नियम. वरवर पाहता तो निव्वळ सोयीचा वाटतो. परंतु खेळातून कोणता रस संभवतो हे बव्हंशी याच नियमावर अवलंबून असते, असे आमचे प्रतिपादन आहे. तसे असेल तर या नियमाविषयी खेळणाऱ्यांत जे कडाक्याचे वाद होतात, त्यांच्याकडे सोपे-अवघड यांचा वाद म्हणून न पाहता रसभेदाचा वाद म्हणून पाहावे लागेल.

२

या विचाराची सामग्री आपल्या भाषेतच विपुल आहे. परभणी जिल्ह्यातील गंगाखेड, पाथरी, सेलू, जिंतूर या भागांत, आणि खरे तर मराठी मुलखात सर्वत्रच, मुलांच्या खेळाची क्रियापदे जीवनमरणाची आहेत. हुतुतूत गडी 'मरतो' आणि 'उठतो'. विषामृताच्या खेळात ज्याला 'विष' मिळाले तो जागीच थिजतो आणि सोबत्याने येऊन 'अमृत' दिले की पुन्हा धावू लागतो. लहानग्याला खेळात तर घ्यावयाचे, परंतु बाद मात्र धरावयाचे नाही, अशा वेळी त्याला 'कच्चा लिंबू' म्हणतात. आणि मेल्यावरही जो मेलो असे कबूल करीत नाही, त्याच्या खेळाला 'रडीचा डाव' हे नाव आहे. ही चार-पाच पदे एकत्र ठेवली तर मरण, पुनरुज्जीवन, अमरत्व आणि त्या संदर्भातील नीती यांची एक लहानशी परंतु पूर्ण व्यवस्था आपल्यासमोर उभी राहते.

हुतुतूला कबड्डी हे नाव आणि छापील नियमावली मिळाली, तेव्हा ही व्यवस्था अधिक स्पष्ट झाली. महाराष्ट्रात या खेळाचे तीन प्रकार मान्य होते : संजीवनी, गामिनी आणि अमर. संजीवनीत प्रतिपक्षाचा एक गडी बाद झाला की आपला एक बाद गडी उठतो. गामिनीत बाद झालेला गडी बाहेरच राहतो. संपूर्ण संघ बाद होऊन तो डाव संपेपर्यंत त्याला पुनःप्रवेश नाही. अमर प्रकारात गडी बाद होतो, परंतु मैदान सोडीत नाही. त्याच्या मरणाची केवळ गुणांत नोंद होते. नावेच बोलकी आहेत. एकात मृत्यूची परतफेड होते, दुसऱ्यात मृत्यू अखेरचा असतो आणि तिसऱ्यात मृत्यू हा हिशेबाच्या वहीतील आकडा होतो.

१९२३ मध्ये बडोद्यास छापील नियमांनुसार स्पर्धा झाल्या, १९३६ मध्ये अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी या खेळाचे प्रात्यक्षिक दाखविले, १९५० मध्ये अखिल भारतीय संघटना स्थापन झाली. या वाटचालीत जी संहिता प्रमाण म्हणून स्थिरावली ती संजीवनीच्या वळणाची होती. आजही सात गड्यांच्या संघात बाद झालेले गडी ज्या क्रमाने बाहेर गेले त्याच क्रमाने परत येतात. बोनस गुणाने मात्र कोणीही उठत नाही. हा बारकावा महत्त्वाचा आहे. रेषा ओलांडून पदरात पाडून घेतलेला गुण धावफलकावर मोजला जातो, परंतु त्याने सोबती जिवंत होत नाही. सोबत्याला उठविण्यासाठी प्रतिपक्षाशी प्रत्यक्ष झुंज द्यावी लागते. तात्पर्य, संजीवनीच्या नियमात एक नीतिविचार कोरलेला आहे : माझे जिवंत होणे माझ्या हाती नाही, ते दुसऱ्याच्या पराक्रमावर अवलंबून आहे.

गामिनीचा अनुभव याहून वेगळा. तेथे प्रत्येक गडी कायमचा उणा होत जातो आणि अखेरीस एकटा उरलेला गडी ज्या दमाने चढाईस निघतो, त्या दमाला संजीवनीत जागा नाही. संजीवनीतील एकटा गडी आशा घेऊन निघतो, कारण एक स्पर्श झाला तरी एक सोबती परतणार असतो. गामिनीतील एकट्याला अशी आशा नसते. केवळ काळ लांबविणे त्याच्या हाती असते. मैदान तेच, श्वास तोच, देहाचे कौशल्य तेच. नियमाचे एक कलम बदलताच अनुभवाची जात बदलते.

३

हाच प्रश्न गेली पन्नास वर्षे एका अगदी निराळ्या खेळात अधिक तीव्रतेने विचारला जात आहे. टेबलाभोवती बसून खेळावयाच्या भूमिकाखेळात प्रत्येक जण एका पात्राची भूमिका घेतो, एक जण सूत्रधार होतो, कृतीचे फलित फाशांनी ठरते आणि बोलता बोलता कथा घडत जाते. अमेरिकेत १९७४ मध्ये गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी प्रसिद्ध केलेला 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' हा या प्रकारातील आद्य खेळ. मुंबई-पुण्याच्या तरुणांतही आता त्याचे गट आहेत. त्यात प्रत्येक पात्रापाशी काही 'हिट पॉइंट' असतात. त्यांना आपण प्राणांक म्हणू. वार बसला की ते घटतात, उपचाराने वा विश्रांतीने वाढतात. ते किती वेगाने वाढावेत, यावरून खेळणाऱ्यांत पक्ष पडलेले आहेत.

नियमांचा प्रवास पाहण्याजोगा आहे. १९७९ च्या सूत्रधार-पुस्तिकेत दिवसभराच्या विश्रांतीला सामान्यतः एक प्राणांक परत मिळे. मंत्रविद्या जाणणारा सोबती नसेल तर एखाद्या लढाईनंतर पात्र आठवडेच्या आठवडे अंथरुणाला खिळून राही. २००८ च्या चौथ्या आवृत्तीत प्रत्येक पात्राला स्वतःची अशी दैनिक उपचारशक्ती मिळाली आणि रात्रभराच्या विश्रांतीने सारे काही भरून येऊ लागले. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीतही आठ तासांच्या दीर्घ विश्रांतीने प्राणांक पूर्ववत होतात. मात्र त्याच वर्षीच्या सूत्रधार-पुस्तिकेत, ज्यांना कठोर वास्तव हवे त्यांच्यासाठी, दीर्घ विश्रांती सात दिवसांची करण्याचा पर्यायी नियमही दिलेला आहे. एकाच खेळाच्या एकाच आवृत्तीत संजीवनी आणि गामिनी यांना शेजारी शेजारी घर द्यावे लागले, यावरून वाद किती खोलवर गेला होता हे कळते.

कठोर पक्षाचे म्हणणे असे : पहाट होताच जी नाहीशी होते ती जखमच नव्हे, परिणाम नसेल तर साहसाला किंमत उरत नाही आणि त्या कल्पित जगाला वजन येत नाही. उदार पक्षाचे उत्तर असे : तीन आठवडे धर्मशाळेत पडून राहणे ही कथा नव्हे, शिवाय एका खेळाडूला केवळ मलमपट्टीपुरते उपचारकाचे पात्र पत्करावे लागते, हा त्याच्यावर अन्याय आहे. तिसरा पक्ष डावपेच जाणणाऱ्यांचा. त्याला प्रत्येक लढत समतोल हवी असते आणि मागच्या लढाईचे ओझे पुढच्या लढाईच्या गणितात नको असते.

या मतभेदांना सैद्धान्तिक चौकट देण्याचा प्रयत्न रॉन एडवर्ड्स यांनी २००१ मध्ये केला. खेळणाऱ्यांची उद्दिष्टे त्यांनी तीन मानली : आव्हानाला सामोरे जाणे, कथेतून काही अर्थ घडविणे आणि कल्पित जगाचे इमानाने प्रतिरूप उभे करणे. ही मांडणी उपयुक्त आहे. परंतु ती वाद सोडविण्याऐवजी वाटून देते. तुमची आवड निराळी, आमची निराळी, एवढेच तिच्यातून निष्पन्न होते. आवडी का निराळ्या होतात आणि त्या नेमक्या याच नियमापाशी का भिडतात, हा प्रश्न तिथे अनुत्तरित राहतो.

४

त्याचे एक उत्तर प्राणांक या चिन्हाच्या घडणीत आहे. कबड्डीत गडी मेला असे आपण म्हणतो तेव्हा ते मरण हा केवळ करार असतो. त्याच्या देहाला काय झाले असे कोणी विचारीत नाही. म्हणूनच तिकडे चढाईत स्पर्श झाला आणि इकडे बाकावरचा गडी उठला, यात कोणाला विसंगती दिसत नाही. भूमिकाखेळात मात्र प्राणांक हा एकाच वेळी करारही असतो आणि प्रतिमाही. सॉस्यूरच्या परिभाषेत सांगावयाचे तर एका चिन्हकाला दोन चिन्हिते जडलेली असतात : खेळात टिकून राहण्याची मुदत आणि पात्राच्या रक्तामांसाची स्थिती. प्राणांक म्हणजे केवळ शारीरिक इजा नव्हे, त्यात कौशल्य, दैव, बळ असे बरेच काही अंतर्भूत आहे, असा खुलासा स्वतः गायगॅक्स यांनी १९७९ मध्येच केला होता. तरीही शब्द 'जखम' आणि 'उपचार' हेच राहिले. आणि शब्द आपला अर्थ सहजासहजी सोडीत नाहीत.

चौथ्या आवृत्तीत एक सेनानायकाचे पात्र होते. मंत्राविना, नुसत्या स्फूर्तिदायक शब्दांनी ते सोबत्याचे प्राणांक वाढवीत असे. त्याची पुष्कळ टवाळी झाली. ओरडल्याने का जखम भरून येते, असे विचारले गेले. प्राणांकाचा अर्थ देह असा घेतला तर ही टवाळी रास्त आहे. तो अर्थ हिंमत अथवा दम असा घेतला तर मात्र हे पात्र संजीवनी कबड्डीच्या अगदी जवळ येते, कारण तिथे एकाच्या कर्तृत्वाने दुसरा उठतो. टवाळी करणारे आणि समर्थन करणारे एकच नियम वाचीत होते. परंतु एकाच संहितेचे हे दोन पाठ होते. वाचकाच्या अपेक्षेनुसार संहितेचा अर्थ घडतो हे आपण साहित्याबाबत मान्य केले आहे. खेळाच्या नियमाबाबतही ते तितकेच खरे आहे.

५

दुसरे आणि अधिक मूलगामी उत्तर आपल्या काव्यशास्त्रात मिळते. भरताने करुण आणि विप्रलंभ शृंगार यांतील भेद सांगताना एक नेमका निकष दिला आहे. दोहोंत विरह आहे, अश्रू आहेत, निर्वेद, चिंता, ग्लानी आहेत. परंतु करुण निरपेक्ष आहे, विप्रलंभ सापेक्ष. गेलेले माणूस परत येण्याची अपेक्षा उरलेली नसेल तर करुण. ती शिल्लक असेल तर विप्रलंभ. म्हणजे घटना तीच, दुःखाचे अनुभावही तेच, तरी परतीची शक्यता आहे की नाही एवढ्यावरून रस बदलतो. चौदाव्या शतकात विश्वनाथाने 'साहित्यदर्पणा'त याच्याही पुढे जाऊन करुणविप्रलंभ हा भेद मानला. त्याचे उदाहरण बाणाच्या 'कादंबरी'तील पुंडरीक आणि महाश्वेता यांचे. पुंडरीक मरण पावतो. परंतु पुनर्मीलनाचे दिव्य आश्वासन मिळताच महाश्वेतेचा शोक जात बदलतो आणि ती वाट पाहू लागते.

पुनरुज्जीवनाचा नियम रस ठरवतो, ही गोष्ट आपल्या परंपरेने अशी फार पूर्वी ओळखली होती. गामिनीचा खेळ निरपेक्ष आहे, संजीवनीचा सापेक्ष. १९७९ च्या नियमांनी खेळणाऱ्याला गमावण्याचा शोक अनुभवायचा असतो. २००८ च्या नियमांनी खेळणाऱ्याला उत्कंठा आणि उत्साह हवा असतो. पहिल्याने दुसऱ्याला हा रडीचा डाव म्हणावे, हे करुणाच्या भोक्त्याने शृंगाराला उथळ म्हणण्यासारखे आहे.

मराठीपुरते एक आणखी निरीक्षण नोंदवावेसे वाटते. ज्या ग्रंथात मेलेले नायक परत येतात, त्याच ग्रंथाचे नाव आपण एका संपूर्ण वाङ्मयप्रकाराला दिले. 'मुक्तामाला' (१८६१) सारख्या आरंभीच्या अद्भुतरम्य कादंबऱ्यांत संकटे कितीही कोसळली तरी शेवट सापेक्ष असे. हरिभाऊ आपट्यांच्या 'पण लक्षात कोण घेतो?' मध्ये यमूला येणारे वैधव्य मात्र निरपेक्ष आहे. तिथे कोणतेही आश्वासन आकाशातून येत नाही. अद्भुत आणि वास्तव यांचा जो वाद मराठी कादंबरीच्या समीक्षेत दीर्घकाळ चालला, त्याच्या मुळाशीही परतीचा हाच नियम होता.

येथे एक आक्षेप संभवतो. रस सहृदय प्रेक्षकाचा. खेळणारा तर स्वतः हरण्याजिंकण्यात गुंतलेला. त्याला रस कसा? अभिनवगुप्ताने रसविघ्नांची जी यादी दिली आहे तिच्यात स्वतःच्या सुखदुःखाने विवश होणे हे एक विघ्न आहे. आक्षेप ग्राह्य आहे, परंतु तोच उदार पक्षाचे सर्वांत सबळ समर्थन ठरतो. आपले पात्र केव्हाही कायमचे जाईल या धास्तीने जो खेळतो तो कथा पाहत नाही, प्राणांक मोजीत बसतो. उपचार सुलभ झाला की ही वैयक्तिक धास्ती ओसरते आणि तो पात्राच्या प्रसंगात शिरू शकतो. उदार नियम असा एक विघ्न दूर करतो. मात्र त्याच वेळी तो एक संपूर्ण रस दाराबाहेर ठेवतो, कारण जिथे प्रत्येक जाणे सापेक्ष आहे तिथे करुणाला आधारच उरत नाही. दोन्ही पक्ष जे मिळवितात त्याची किंमत मोजतात. वाद चिरंतन राहण्याचे कारण हेच.

६

तथापि निरपेक्ष तेवढे गंभीर आणि सापेक्ष तेवढे हलके, असा निष्कर्ष काढणे चुकीचे होईल. आपल्या कथापरंपरेत पुनरुज्जीवन क्वचितच फुकट आहे. महाभारतातील कच तीनदा मारला जातो आणि शुक्राचार्यांच्या संजीवनी विद्येने उठतो. परंतु तिसऱ्या खेपेस तो गुरूच्या उदरात असतो आणि त्याचे उठणे म्हणजे गुरूचे मरणे होय. म्हणून गुरूला आपली विद्या शत्रुपक्षाच्या शिष्याला द्यावी लागते. पुढे देवयानीच्या शापामुळे ती विद्या कचाला स्वतःला फळत नाही. ज्याला तो शिकवील त्याला मात्र फळते. खाडिलकरांना 'विद्याहरण' (१९१३) साठी याच कथेत नाट्य दिसले ते उगीच नव्हे. अमर प्रकाराचेही तसेच. अश्वत्थामा मरत नाही, परंतु कपाळावरची वाहती जखम घेऊन तेल मागत हिंडतो, असे लोकमानस सांगते. कोणत्याही गामिनीपेक्षा हे अमरत्व भीषण आहे.

आद्य मराठी गद्यचरित्रानेही हा प्रश्न हाताळला आहे. महानुभाव परंपरेनुसार हरिपाळदेव मरण पावतो आणि चांगदेव राऊळ त्या देहात प्रवेश करतात. स्मशानातून उठून घरी येतो तो देह त्याचा, जीव दुसऱ्याचा. पुढे जुगारात हरल्यावर त्याला संसाराची विरक्ती येते आणि चक्रधरांचे चरित्र सुरू होते. उठलेला गडी हा मेलेलाच गडी असतो का, हा भूमिकाखेळाच्या कोणत्याही नियमावलीला न सुटलेला प्रश्न 'लीळाचरित्रा'च्या मुळाशी आहे.

या कथांतून समीक्षेला एक निकष मिळतो. गडी किती लवकर उठतो हा प्रश्न दुय्यम आहे. त्याच्या उठण्याचा खर्च कोण उचलतो, हा प्रधान. संजीवनी कबड्डीत तो सोबती उचलतो. कचाच्या कथेत गुरू उचलतो. २००८ च्या नियमांत पात्र तो बहुतांशी स्वतःच्याच शिलकीतून उचलते. म्हणून तिथे प्राणांक परत येतात, पण ऋण निर्माण होत नाही. कठोर पक्षाला जी उणीव जाणवते ती बहुधा याची आहे. तिला तो वास्तवाची उणीव असे चुकीचे नाव देतो. सात दिवसांची विश्रांती लावल्याने ती भरून येत नाही, कारण काळ हा ऋणाचा पर्याय नव्हे. उलट उदार पक्षही परतीची सोय तेवढी मागतो. परतताना कोणाचे काय जाते हे विचारीत नाही.

परभणीच्या काळ्या, कोरडवाहू रानात याला दुबार पेरणी म्हणतात. पहिला पाऊस पडतो, पेरणी होते, मग पाऊस दडी मारतो आणि उगवलेले करपते. पुन्हा पेरता येते. रान पुन्हा हिरवे होते. परंतु बियाणे दुसऱ्यांदा विकत घ्यावे लागते, हंगाम तेवढा आखूड होतो आणि कर्ज वाढते. ही स्थिती निखळ करुणाची नाही, कारण परत येण्याची आशा आहे. उत्साहाची म्हणावी तर तसेही नाही. सापेक्ष आणि निरपेक्ष यांच्या मधली, खर्चाची नोंद ठेवणारी ही तिसरी अवस्था शास्त्रकारांनी स्वतंत्र नावाने सांगितली नाही. मराठी ग्रामीण साहित्याचा बराच मोठा भाग याच अवस्थेचा आहे, आणि त्याला करुण म्हणून मोकळे होण्याची आपल्या समीक्षेला सवय जडली आहे.

खेळाचे नियम गंभीरपणे वाचण्याचा लाभ हा असा. विषामृत, हुतुतू आणि कच्चा लिंबू यांचे गावोगावचे नियम मुलांच्या जिभेवर आहेत तोवर ते टिपून घेतले पाहिजेत. लोकगीतांइतकीच तीही आपल्या भाषेची संहिता आहे. आणि फासे टाकून कथा रचणारी तरुण मंडळी जखम किती दिवसांत भरावी यावरून हमरीतुमरीवर येतात, तेव्हा समीक्षकाने त्यांना पोरखेळ म्हणून वाटेला लावू नये. भरताने ज्या ठिकाणी करुण आणि विप्रलंभ वेगळे केले, नेमक्या त्याच ठिकाणी ती उभी असतात.